भावाच्या डोळ्यामागची धमनी फाटली आहे, कव्हर्ड स्टेंट घालावा का?

सिन्नरहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या एकोणतीस वर्षांच्या भावाला नाशिक-पुणे रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून अडीच महिने झाले. डोक्याला मार लागला होता, कवटीच्या तळाला बारीक फ्रॅक्चर होतं, आठ दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला. तीन आठवड्यांनी उजवा डोळा लाल झाला, सुजला, हळूहळू पुढे यायला लागला. रात्री उशीवर डोकं टेकलं की आत सारखा 'घुस-घुस' आवाज. एका ठिकाणी महिनाभर डोळ्यांत थेंब घातले, फरक पडला नाही. आता अँजिओग्राफी झाली आणि 'डायरेक्ट कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुला' असं निदान आलं; फिस्टुला म्हणजे धमनीतून नीलेत थेट होणारी गळती. एक डॉक्टर म्हणतात कॉइल, म्हणजे बारीक तारेची वेटोळी, भरून बंद करू, दुसरे म्हणतात कव्हर्ड स्टेंटने, म्हणजे धमनीत आतून बसवायच्या पापुद्रा लावलेल्या जाळीच्या नळीने, एका बैठकीत काम होईल. ताईंचे प्रश्न दोन: स्टेंट नवा आहे म्हणून तो जास्त चांगला का, आणि गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतील का?

ताई, नवं-जुनं हा मुद्दा बाजूला ठेवा. कव्हर्ड स्टेंट हा फार चांगला उपाय आहे, पण तो तुमच्या भावाच्या धमनीच्या वळणात नीट बसेल का, आणि पुढे कित्येक महिने एकही दिवस न चुकवता गोळ्या घेणं त्याला जमेल का, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. दोन्हींची उत्तरं 'हो' असतील तर मीही स्टेंटच निवडेन. एक जरी 'नाही' असेल तर कॉइलचा रस्ता धरेन, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आधी नेमकं काय फुटलं आहे ते समजून घ्या. मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी, कॅरोटिड, मेंदूत शिरण्याआधी डोळ्याच्या मागे कॅव्हर्नस सायनस नावाच्या जागेतून जाते. हा सायनस म्हणजे अशुद्ध रक्ताचा कप्पा. शरीरात धमनी थेट नीलेच्या आतून जाते अशी ही एकच जागा. एरवी दोघींचा संसार सुखाने चालतो. अपघातात कवटीच्या तळाला हिसका बसला की तिथे बांधल्यासारखी असलेली धमनी फाटते आणि दाबाचं रक्त सरळ त्या कप्प्यात घुसतं.

आपल्याकडे द्राक्षबागेतल्या माणसाला हे लगेच कळतं. समजा, ठिबकची प्रेशरची मेन लाइन चारीतून टाकलेली आहे आणि चारीतच पाइप फुटला. चारी तुंबते, पाणी उलटं मागे चढतं, आणि बागेच्या पुढच्या ओळींना प्रेशर राहत नाही. इथेही तसंच. डोळ्याकडून येणारी नीला या कप्प्यात रिकामी व्हायला हवी, तर उलट तिच्यातच रक्त मागे ढकललं जातं. म्हणून डोळा लाल होतो, पुढे येतो, त्यातला दाब वाढतो. कप्प्यातूनच डोळा हलवणाऱ्या नसा, म्हणजे मज्जातंतू, जातात, त्यातली सहावी नस अगदी धमनीला चिकटून असते. तिच्यावर ताण आला की डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही आणि एकाचे दोन दिसतात. आवाज म्हणजे फुटलेल्या जागेतून सुसाट जाणारं रक्त. तो नाडीच्या ठोक्याबरोबर येतो.

या आवाजाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण माझी खरी कळकळ तिथे आहे. अपघातानंतर डोळा लाल झालेला माणूस आला की मी त्याला पापणी मिटायला सांगतो आणि स्टेथोस्कोपची छोटी बाजू अलगद पापणीवर टेकवतो. पंखा बंद, दार लोटलेलं, नातेवाइकांना दोन मिनिटं गप्प राहायला सांगितलेलं. फिस्टुला जोराचा असेल तर आतून गिरणीच्या पट्ट्यासारखा आवाज येतो, प्रत्येक ठोक्याला चढणारा. मग त्याच बाजूची मान मी बोटाने क्षणभर दाबतो आणि आवाज मंदावतो. त्या दोन मिनिटांत निदान जवळजवळ हातात येतं. एवढं न केल्यामुळे माणसं 'डोळे आलेत' म्हणून आठवडेच्या आठवडे थेंब घालत बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या काहींची नजर परत आणता आली नाही. डोळे आले की चिपडं येतात, खाज येते, बहुतेक वेळा दुसराही डोळा येतो. इथे लाल रेषा नागमोडी, फुगलेल्या, बुबुळाच्या कडेपर्यंत आलेल्या दिसतात. तुमच्या भावाचा महिना गेला याचं मला वाईट वाटतं. पण अडीच महिने हा काही हाताबाहेर गेलेला काळ नाही.

आता अँजिओग्राफी. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये फाटलेल्या जागेचं माप दिलेलं नाही, आणि ते स्वाभाविक आहे. फिस्टुला मोठा असला की कॅरोटिडमध्ये सोडलेलं, एक्स-रेत दिसणारं औषध क्षणात कप्प्यात पसरतं, सगळं काळंभोर दिसतं आणि भोक नेमकं कुठे आहे ते कळतच नाही. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. आजारी बाजूची मान हाताने दाबून धरायची आणि औषध मानेच्या मागच्या, म्हणजे व्हर्टिब्रल धमनीतून सोडायचं. मग ते मागून पुढे, उलट्या वाटेने सावकाश येतं आणि भोकाची कड स्वच्छ दिसते. स्टेंट घालायचा असेल तर हे चित्र माझ्या दृष्टीने सक्तीचं आहे. ते काढलं आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. याच चित्रावरून मेंदूच्या तळाचं विलिसचं वर्तुळ, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणारा रिंग रोड, उघडा आहे का तेही कळतं. काही बिघडलंच तर तो रिंग रोड कामाला येतो.

या आजाराचा इतिहास मोठा आहे. 1809 मध्ये लंडनला बेंजामिन ट्रॅव्हर्स यांनी अशा धडधडणाऱ्या डोळ्यासाठी मानेतली कॅरोटिडच बांधून टाकली होती. दीडशे वर्षांहून जास्त काळ उपाय या ना त्या प्रकारे धमनी बंद करण्याचाच राहिला. मग मॉस्कोत फ्योदर सर्बिनेन्को यांनी सुटा होणारा फुगा धमनीतून नेऊन भोकातून कप्प्यात फुगवला. 1974 मध्ये त्यांचं काम जगासमोर आलं आणि धमनी वाचवून फिस्टुला बंद करता येतो हे सिद्ध झालं. 1985 मध्ये बॅरो यांनी या फिस्टुलाचे ए, बी, सी, डी असे प्रकार पाडले. भावाचा 'ए', म्हणजे थेट मुख्य धमनीतूनच गळती. 1991 च्या सुमारास गुग्लिएल्मी यांच्या प्लॅटिनमच्या कॉइल आल्या आणि काम बरंच सुरक्षित झालं.

कॉइल म्हणजे चारीचा तेवढा भाग मुरमाने भरून टाकणं. पाण्याला जायला जागाच उरली नाही की गळती थांबते. कव्हर्ड स्टेंट म्हणजे पाइपच्या आतून बाही सरकवणं. चारी आहे तशी राहते, पाइप पुन्हा अखंड होतो. कॉइल भरताना कधी खूप कॉइल लागतात, कधी कप्पा इतका गच्च भरावा लागतो की तिथून जाणाऱ्या नसांवर दाब येतो. कधी महिन्याभराने कॉइल दबतात आणि कोपऱ्यातून गळती पुन्हा सुरू होते. स्टेंटमध्ये हे प्रश्न नाहीत. कप्प्यात काही भरलेलं नसतं, त्यामुळे नसांना मोकळीक मिळते. नीट बसला तर भोक टेबलावरच बंद होतं.

मग सगळ्यांना तोच का नाही घालत? पाइप सरळ असेल तर बाही सरकते, एल्बो आला की अडकते. आणि कॅरोटिड नेमकी इथेच इंग्रजी एस अक्षरासारखी वळते. या वळणाला आम्ही सायफन म्हणतो.

स्टेंट हातात घेऊन पाहिलात तर बासमतीचे दोन दाणे एकापुढे एक ठेवावेत एवढी त्याची लांबी. फुग्यावर आवळून बसवलेला असतो, फुगा फुगवला की साधारण चार मिलिमीटरपर्यंत उघडतो. साध्या स्टेंटची जाळी उघडी असते, रक्त तिच्यातून आरपार जातं. कव्हर्ड स्टेंटवर टेफ्लॉनच्या जातीचा पातळ पापुद्रा असतो, तोच भोक झाकतो. सुरुवातीला आम्ही हृदयासाठी बनवलेले असे स्टेंट उसने घेऊन वापरायचो. त्यातल्या एका प्रकारात दोन स्टीलच्या जाळ्यांमध्ये तो पापुद्रा दाबून बसवलेला असे. हृदयाची धमनी फाटली तर जीव वाचवणारी वस्तू, पण सायफनमध्ये न्यायला फार ताठ. पुढे चीनमध्ये खास मेंदूच्या धमन्यांसाठी लवचीक कव्हर्ड स्टेंट तयार झाला, त्याला विलिस यांचंच नाव दिलेलं आहे. तुमच्या डॉक्टरांच्या हातात कोणता स्टेंट आहे, हृदयाचा की मेंदूच्या धमनीचा, हे स्पष्ट विचारा. दोन्हींच्या वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ओझरकडच्या एका ड्रायव्हरची केस मला अजून डोळ्यांसमोर दिसते. पस्तिशीचा माणूस, फिस्टुला अगदी भावासारखा. मी ठरवूनच गेलो होतो की स्टेंट घालायचा. पहिलं वळण पार झालं. दुसऱ्या वळणाला स्टेंटचं टोक लागलं आणि मी पुढे ढकलतोय तर मानेतली आधाराची नळी खाली सरकायला लागली. म्हणजे माझा जोर स्टेंटला पोहोचतच नव्हता, नळीच मागे येत होती. नळी बदलली, तार बदलली, चाळीस मिनिटं गेली. त्या जागी आणखी जोर करणं म्हणजे आधीच फाटलेल्या धमनीला पुढे उसवणं. स्टेंट तसाच बंद अवस्थेत बाहेर काढला, धमनीत तात्पुरता फुगा धरून मागे कॉइल भरल्या. फिस्टुला बंद झाला. सहाव्या नसेचा अशक्तपणा मात्र सुटायला सहा-सात महिने गेले. त्यानंतर मी स्टेंटची केस ठरवताना कॉइलची पूर्ण तयारी टेबलाशेजारी ठेवल्याशिवाय हात घालत नाही. तुमच्या डॉक्टरांनाही विचारा, 'स्टेंट पोहोचलाच नाही तर त्याच बैठकीत पुढे काय करणार?' चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

दुसरी अडचण फांद्यांची. कॅव्हर्नस कप्प्यातून धमनी बाहेर पडली की बहुतेकांमध्ये लगेच तिच्यातून डोळ्याच्या धमनीची फांदी निघते. पापुद्रा तिच्या तोंडावर आला तर ती झाकली जाते. चेहऱ्याकडच्या धमन्यांकडून तिला रक्त मिळत राहिलं तर नजर टिकते, पण त्या भरवशावर राहायचं नसतं. आणखी पुढे एक फांदी आहे, ती झाकली तर अर्धांगवायू होऊ शकतो. म्हणून भोक कप्प्याच्या मधोमध असेल तर स्टेंट आदर्श. भोक वरच्या टोकाला, डोळ्याच्या धमनीजवळ असेल तर मी स्टेंटचा आग्रह सोडतो.

तिसरी गोष्ट, स्टेंट उघडल्यावरही कडेने थोडी गळती राहू शकते, कारण वळणाच्या बाहेरच्या बाजूला स्टेंट भिंतीला पूर्ण टेकत नाही. तेव्हा फुगा पुन्हा थोड्या जास्त दाबाने फुगवतात, नाहीतर दुसरा स्टेंट जोडतात. बारीक गळती काही वेळा आपोआप मिटते. जोराची गळती तशीच सोडून टेबलावरून उठू नये, हे माझं ठाम मत आहे.

आता गोळ्या. मी यावर घरच्यांशी जितका वेळ बोलतो तितका ऑपरेशनवरही बोलत नाही. स्टेंट ही परकी वस्तू. रक्त तिला चिकटून गुठळी करू पाहतं, आणि पापुद्रा असलेल्या स्टेंटवर आतलं अस्तर तयार व्हायला साध्या स्टेंटपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून ऍस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या प्रक्रियेच्या आधीपासून सुरू होतात, दोन्ही मिळून निदान तीन ते सहा महिने, कधी वर्षभर. पुढे एकटी ऍस्पिरिन दीर्घकाळ, बहुतेकदा कायम. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे: दोन गोळ्या आयुष्यभर नाहीत, पण एक गोळी बराच काळ राहील असं धरून चाला.

आपल्या भागात बऱ्याच लोकांच्या शरीरात क्लोपिडोग्रेल नीट कामच करत नाही. हे जनुकांमुळे असतं, माणसाचा दोष नाही. त्यासाठी रक्ताची तपासणी असते. गोळी लागू पडत नसेल तर बदलून दुसरी देतात. ही तपासणी न करता कव्हर्ड स्टेंट घालणं मला पटत नाही. ऍसिडिटी होते म्हणून दुकानातून ओमेप्राझोल घेऊ नका, ते क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतं. डॉक्टर पँटोप्राझोल देतील. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका आली तर प्लेटलेट कमी होतात, तेव्हा गोळ्या चालू ठेवायच्या की नाही हे स्टेंट घालणाऱ्या डॉक्टरांनाच फोन करून विचारा. माझ्या एका रुग्णाने दाढ काढायची म्हणून दुसऱ्याच महिन्यात दोन्ही गोळ्या आपल्या मनाने चार दिवस थांबवल्या. स्टेंटमध्ये गुठळी होऊन कॅरोटिड पूर्ण बंद झाली. रिंग रोड चांगला होता म्हणून हात-पाय वाचले. दाढ काही महिने थांबली असती तरी चाललं असतं.

याच कारणाने अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, मेंदूला मार लागून आत रक्त साकळलेलं असताना, कव्हर्ड स्टेंट टाळावा लागतो. गोळ्यांनी तेच रक्त वाढू शकतं. भावाला अडीच महिने झालेत, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. तरी आधी एक ताजा सीटी स्कॅन करून घ्या.

इतर प्रकारांबद्दल थोडक्यात, कारण शेजारीपाजारी कोणाला काही झालं की सगळ्याला एकच नाव दिलं जातं. मानेतल्या व्हर्टिब्रल धमनीचा फिस्टुला, जो मार लागून किंवा मानेत सुई घालताना होतो, तिथे वाट सरळ असल्यामुळे कव्हर्ड स्टेंट फार छान बसतो. मेंदूच्या आवरणातले बारीक धाग्यांचे फिस्टुला आणि मेंदूतल्या एव्हीएम, म्हणजे धमन्या आणि नीलांची गुंतलेली जाळी, यांना तो उपयोगी नाही. तिथे एक भोक नसतंच, गुंतवळ असतं, त्यात औषधी गोंद भरावा लागतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये अपघाताशिवाय जो मंद फिस्टुला होतो तो काही वेळा आपोआप बंद होतो. त्यात डॉक्टर विरुद्ध बाजूच्या हाताने मान दाबायला शिकवतात, म्हणजे मेंदूला रक्त कमी पडलं तर तोच हात लुळा पडून आपोआप सुटतो. भावाने हा प्रयोग करायचा नाही. त्याचा फिस्टुला जोराचा आहे, तो दाबून बंद होणारा नाही.

प्रक्रिया झाल्यावर काय दिसेल? आवाज सगळ्यात आधी जातो. निफाडजवळचा एक तरुण होता. आधी कॉइल भरलेल्या होत्या, गळती परत सुरू झाली, म्हणून मी त्याला कव्हर्ड स्टेंट घातला. भूल उतरल्यावर त्याने डोळे न उघडताच विचारलं, "डॉक्टर, मशीन बंद केलं का?" चार महिने डोक्यात चालू असलेलं ते यंत्र थांबलं होतं. त्याची आई कॅथलॅबच्या दाराशी उभी होती, तिला मी तेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं. डोळ्याचा लालपणा काही दिवसांत ओसरायला लागतो, पुढे आलेला डोळा काही आठवड्यांत मागे जातो. एकाचे दोन दिसणं जायला महिने लागतात. नजर किती परत येईल हे आधी किती गेली होती त्यावर आहे, आणि तिथे कोणीही पक्का शब्द देऊ नये. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओ करून स्टेंट आतून अरुंद झालाय का ते पाहतात. स्टेंटचं कार्ड पाकिटात ठेवा, पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर ते दाखवावं लागतं.

आता तुमच्यासाठी. दोन्ही डॉक्टरांकडे नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, अँजिओची पूर्ण सीडी न्या, आणि दोघांना त्याच चित्रावर बोट ठेवून भोक दाखवायला सांगा. खर्च, सरकारी योजनेत काय बसतं आणि स्टेंट वेगळा विकत घ्यावा लागेल का, हे भरती होण्याआधी लिहून घ्या. भावाशी गोळ्यांबद्दल मोकळेपणाने बोला. रात्रपाळी, बाहेरगावची कामं, दारू, जे काही असेल ते डॉक्टरांपासून लपवू नका, कारण त्याच माहितीवर मी कितीतरी वेळा स्टेंटऐवजी कॉइल निवडल्या आहेत.

आणि एक लक्षात ठेवा. तारीख ठरेपर्यंत भावाला रोज सकाळी डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने कॅलेंडरवरचे आकडे वाचायला लावा. कालपेक्षा आज अंधुक दिसलं, डोळा अचानक असह्य दुखायला लागला, नाकातून भळाभळा रक्त आलं, फिट आली किंवा एकाएकी जबर डोकेदुखी होऊन उलटी झाली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता, रात्री दोन वाजले असले तरी, चोवीस तास कॅथलॅब चालू असलेल्या दवाखान्यात त्याला थेट घेऊन या, आणि निघतानाच फोन करून ठेवा.